समाजकार्यात जायचंय, पण खरं कुणाला विचारू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी सोलापूरची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. एनएसएसच्या शिबिरात गावात राहून काम करायची गोडी लागली आणि पुढे हेच करावं असं वाटायला लागलं. घरी आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर होते, कारखाना बंद पडल्यापासून मिळेल ते काम करतात, धाकटा भाऊ बारावीला आहे. कॉलेजचे सर म्हणाले, ‘नक्की कर, समाजाला तुझ्यासारख्यांची गरज आहे.’ मामा म्हणाला, ‘उपाशी मरशील, बँकेच्या परीक्षा दे.’ एका संस्थेत ती स्वतः जाऊन आली. तिथल्या प्रमुखांनी दोन तास अनुभव सांगितले, पगाराचं विचारल्यावर ‘इथे सेवाभाव लागतो’ म्हणून विषय मिटवला आणि तीन महिने विनामोबदला येऊन बघ, असं सुचवलं. तिचे प्रश्न तीन आहेत. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करू की फेलोशिप (ठरावीक काळ मानधन घेऊन प्रत्यक्ष काम शिकणं)? घराला हातभार लागेल एवढं मिळेल का? आणि खरं सांगणारं माणूस भेटणार कुठे?

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सुटला की पहिल्या दोन्हींची उत्तरं तुमची तुम्हाला सापडतील. माझ्याबद्दल एवढंच, की सोलापूर आणि आजूबाजूच्या तालुक्यांत बचत गट आणि उपजीविकेच्या कामात माझी वीसेक वर्षं गेली. अलीकडे नव्या मुलामुलींच्या मुलाखती घ्यायलाही बसते. पगार मागणारे आणि पगार ठरवणारे, दोन्हीकडचं बोलणं कानावर पडतं.

तुम्ही ज्या तिघांशी बोललात त्यांच्यातलं कुणीही खोटं बोललेलं नाही. पण सरांनी या पगारात घर चालवलेलं नाही. मामांनी संस्था आतून पाहिलेली नाही, त्यांनी फक्त तुमचं घर पाहिलंय. आणि संस्थेचे प्रमुख गेली कित्येक वर्षं देणगीदारांपुढे, कंपन्यांपुढे, पाहुण्यांपुढे तीच गोष्ट सांगत आलेत. ते त्यांचं कामच आहे, आणि चांगली गोष्ट सांगता आली नाही तर संस्था बंद पडते. समोर कॉलेजची मुलगी बसली तरी तोंडातून तीच गोष्ट येणार. तुम्हाला हवं आहे ते माणूस वेगळं. ज्याला या कामात तीन ते सहा वर्षं झालीत, जो संस्थापक नाही, संस्थापकाचा नातेवाईक नाही, आणि ज्याच्या घरचा किराणा याच पगारातून येतो. अशी माणसं व्यासपीठावर नसतात. ती तालुक्याच्या ठिकाणी एका खोलीच्या कार्यालयात, पंचायत समितीच्या आवारात किंवा अक्कलकोटच्या एसटीत भेटतात.

आणखी दोघांना जरूर गाठा. एक, संस्थेचा हिशोब बघणारा माणूस. पैसे कुठून येतात, कधी येतात आणि कधी येत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, आणि तुम्ही बी.कॉम.च्या आहात म्हटल्यावर तो जरा मोकळेपणाने बोलेलही. दुसरं, ते काम सोडून गेलेलं माणूस. फक्त एकाच सोडून गेलेल्याचं ऐकून मत बनवू नका, भांडून गेलेला आणि लग्न करून पुण्याला गेलेली यांचं सांगणं वेगवेगळं असतं. पण दोघं-तिघं एकच कारण सांगत असतील तर ते कारण खरं धरायला हरकत नाही.

आता एक नाव, जे तुमच्या यादीत नसेल. तुमची आई.

आपल्याकडे कुठल्याही विडी कामगारांच्या वस्तीत गेली तीस-चाळीस वर्षं कुणी ना कुणी ‘काम करायला’ येत राहिलंय. आरोग्य तपासणी, बचत गट, शिलाईचे वर्ग, सर्वेक्षणं. तुमच्या आईने ही सगळी माणसं दारातून पाहिली आहेत. तिला निवांत विचारा, आजवर कोण कोण आलं? फॉर्म भरून घेऊन परत न फिरकलेले कोण? कुणाच्या शब्दावर बायका हातातलं काम टाकून उठल्या, आणि कुणाला ‘बघू उद्या’ म्हणून वाटेला लावलं? विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे. तिचा ऑनलाइन अर्ज वस्तीत कुणी मनापासून भरून दिला आणि कुणी त्याचे पैसे घेतले, हेही ती सांगेल. या क्षेत्रावर सेमिनार भरपूर होतात, पण ज्यांच्या नावाने सगळं चालतं त्यांचं मत इतक्या स्पष्टपणे तुम्हाला दुसरीकडे ऐकायला मिळणार नाही.

मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारते. बाई उंबऱ्यात बसली आहे, मांडीवर सूप आहे, सुपात पानं आणि तंबाखू, हात चालू आहेत. तुम्हाला तिच्याकडून पन्नास प्रश्नांचा फॉर्म भरून घ्यायचाय. काय कराल? बाहेरून आलेली हुशार मुलं म्हणतात, तिची वेळ घेऊन नंतर भेटू, किंवा सगळ्या महिलांना समाजमंदिरात एकत्र बोलावू. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. समाजमंदिरात गेलेला तास म्हणजे तेवढ्या विड्या कमी, हे त्यांच्या लक्षातच येत नाही. एकदा विडी घरकुलातल्याच, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, एका मुलीने उत्तर दिलं, ‘मी शेजारी बसून पानं कापू लागेन आणि बोलत राहीन. फॉर्म घरी जाऊन भरेन.’ तिला इंग्रजी येत नव्हतं, आणि अहवाल लिहायला शिकवावं लागणार हे दिसत होतं. तरीही तिच्या नावापुढे खूण करायला मला वेळ लागला नाही.

हे सांगायचं कारण, तुम्ही स्वतःकडे काय आहे याची मोजदाद करताना मार्कशीटपाशी थांबता. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या वस्तीतल्या घरात वाढलेल्या मुलीला तेलुगू येत असतं, बाजारात दखनी हिंदी, शाळेत मराठी, आणि अक्कलकोटकडे नातेवाईक असतील तर कन्नडही समजतं. आपल्या जिल्ह्यात काम करणाऱ्या संस्थेसाठी अशी माणसं सोन्यासारखी असतात, आणि अर्जात कुणी ते लिहीत नाही. ‘भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी’ एवढंच लिहून मोकळी होतात. तुम्हाला यातलं जे येत असेल ते लिहा.

आता पैशाचं. तुमच्या मनात हाच प्रश्न मोठा आहे आणि तो विचारताना तुम्हाला ओशाळं वाटलं, असं प्रश्नातून दिसतं. ओशाळायचं कारण नाही. पण नुसतं ‘पगार किती’ विचारून अर्धवट उत्तर मिळतं. पगार देणाऱ्या संस्थेला पैसा कुठून येतो, ते आधी समजून घ्यावं लागतं, कारण तुमची नोकरी किती टिकेल हे त्यावर ठरतं.

एक मोठी वाट कंपन्यांच्या सीएसआरची, म्हणजे सामाजिक कामावरच्या खर्चाची. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं आणि या क्षेत्राचा चेहरामोहरा बदलला. पैसा वाढला, नोकऱ्या वाढल्या, पण बरेचसे करार आर्थिक वर्षाला बांधलेले. फेब्रुवारी उजाडला की प्रकल्पावरची माणसं एकमेकांना विचारू लागतात, ‘पुढचं काही कळलं का?’ शिवाय कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदाच म्हणतो. त्यामुळे जिथे कारखाने आणि कार्यालयं तिथे पैसा. पुणे-मुंबई पट्ट्यात तो खेळतो. आपल्याकडे दक्षिण सोलापुरात आहेरवाडी-फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा प्रकल्प आहे, साखर कारखाने आहेत, पण चादर-टॉवेलचे बहुतेक कारखानदार या मर्यादेच्या आसपासही नाहीत. सोलापुरात राहून काम करायचं असेल तर हे गणित माहीत असलेलं बरं.

दुसरी वाट परदेशी देणग्यांची. तिथे २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणाऱ्या कायद्यात दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला द्यायला मनाई झाली. पूर्वी मोठी संस्था पैसे आणायची आणि तालुक्याच्या पाच-सहा लहान संस्थांना वाटून काम करवून घ्यायची. ती साखळी तुटली. तुम्हाला जुने कार्यकर्ते ‘आमच्या वेळी’ म्हणून जे सांगतात, त्यातलं बरंचसं या बदलाच्या आधीचं असतं. त्यांचा सल्ला घेताना साल विचारून घ्या.

तिसरी वाट सरकारची. ग्रामीण जीवनोन्नती अभियान म्हणजे ‘उमेद’, किंवा १९७५ साली स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ, ‘माविम’. बचत गटांचं काम शिकायला याहून मोठी शाळा नाही, कारण गावोगावचं जाळं तयार आहे. पण उमेदची तालुका-जिल्ह्याची बहुतेक पदं कंत्राटी असतात आणि गावात काम करणाऱ्या सखींना मिळतं ते मानधन, हे जाहिरात नीट वाचली की कळतं. चौथी वाट गावातल्या, ओळखीतल्या देणगीदारांची. ती रक्कम लहान असते, पण त्यावर चालणाऱ्या संस्था कधीकधी सगळ्यांत चिवट निघतात.

म्हणून पगाराच्या आधी विचारायचा प्रश्न असा: ‘मी ज्या कामावर येणार, त्याला पैसे कोण देतं आणि ते कधीपर्यंत आहेत?’ चांगली संस्था याचं सरळ उत्तर देते. ‘मार्च अखेरपर्यंत नक्की, पुढचा प्रस्ताव दिलाय’ हे प्रामाणिक उत्तर आहे, घाबरून जाण्यासारखं नाही. ‘त्याची काळजी तुम्ही करू नका’ हे उत्तर नव्हे.

पगार विचारायचीही रीत असते. समोरच्याला ‘तुम्हाला किती मिळतात?’ म्हटलं की तो आक्रसतो. ‘माझ्यासारखी नवी मुलगी लागली तर पहिल्या वर्षी हातात किती पडतात?’ म्हटलं की तोच माणूस मोकळेपणाने आकडा सांगतो, आणि पुढच्या दोन वाक्यांत स्वतःचाही सांगून टाकतो. मग हळूच पुढचे प्रश्न: महिन्याच्या कितव्या तारखेला जमा होतो? निधी उशिरा आला तर काय करतात? पीएफ कापतात का, की सल्लागार दाखवून १० टक्के टीडीएस कापून देतात? आणि पेट्रोल. हा प्रश्न विसरू नका. आपल्याकडे काम म्हणजे स्वतःच्या दुचाकीवरून गावं फिरणं. मैंदर्गी-दुधनीकडे आठवड्यातून चार दिवस जायचं म्हटलं तर पेट्रोलचा आकडा बघा. तो खर्च किलोमीटरमागे मिळतो की ठरावीक रकमेत, आणि बिल लावल्यावर किती दिवसांनी मिळतो? पंधरा हजारांच्या पगारात दोन महिन्यांचं पेट्रोल अडकलं की तो पगार बारा हजारांचा होतो. गाडी नसेल तर एसटीच्या वेळांवर काम कसं बसवतात, तेही विचारा.

आकडे हवेतच. मी ज्या मुलाखतींना बसते, ज्या जाहिराती पाहते, त्यावरून आमच्या भागाचा अंदाज सांगते. गावपातळीवर काम करणाऱ्या नव्या पदवीधराला १२ ते १८ हजार. तीन-चार वर्षांनी तालुका समन्वयक झाल्यावर २० ते ३० हजार. जिल्ह्याची जबाबदारी आली की ३० ते ४५ हजार, तेही मोठ्या संस्थेत. पुण्या-मुंबईत सुरुवातच याच्या वर होते, पण खोलीचं भाडं आणि डबा वजा करून बघा. संस्थेगणिक यात फरक पडतो. मात्र कुणी म्हणालं की दोन वर्षांत पन्नास हजार, तर त्या व्यक्तीने नेमकं कुठलं शिक्षण घेतलं आणि ती कुठल्या शहरात आहे, ते बघून घ्या.

कामाचं स्वरूप कळण्यासाठी मी एकच प्रश्न सुचवते: ‘मागच्या आठवड्यात सोमवार ते शनिवार काय काय केलं?’ ‘तुमचं काम काय असतं?’ विचारलं की ध्येयधोरण ऐकायला मिळतं. मागचा आठवडा विचारला की खरं बाहेर येतं. सोमवारी बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेब भेटले नाहीत. मंगळवारी तेरा गटांच्या नोंदवह्या तपासल्या, त्यातल्या चार जुळल्या नाहीत. बुधवारी देणगीदाराला फोटो पाठवायचे होते, फोटोत महिला हसत नाहीत म्हणून परत काढायला गेलो. गुरुवार-शुक्रवार एक्सेलमध्ये माहिती भरली. शनिवारी मासिक बैठक. हे ऐकून तुम्हाला ‘एवढंच?’ वाटलं, तर ते आताच कळलेलं चांगलं. आणि ‘नोंदवह्या का जुळल्या नाहीत?’ असं मनात आलं, तर तुम्ही या कामात रमाल असं मला वाटतं. मुलींनी आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: रात्रीचा मुक्काम असतो का आणि कुठे, आणि तक्रार समिती आहे का. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती नेमणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. महिला सक्षमीकरणाचे फलक लावणाऱ्या कार्यालयातही ती कधीकधी कागदावरच असते.

बोलून झालं की ऐकलेलं थोडं पडताळा. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंदणीकृत संस्थांची माहिती असते, कंपन्यांचा खर्च राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर दिसतो. वार्षिक अहवालातला ताळेबंद तर तुम्हीच आम्हाला समजावून सांगाल. पगारावरचा खर्च मागच्या तीन वर्षांत वाढला की घटला, एकाच देणगीदारावर सगळा डोलारा उभा आहे का, एवढं पाहिलंत तरी पुरे.

आता एमएसडब्ल्यू की फेलोशिप. हे सर्वस्वी तुमच्या घरच्या स्थितीवर अवलंबून आहे. मला तुमच्या घरचा महिन्याचा हिशोब माहीत नाही, त्यामुळे छातीठोक सांगणार नाही.

एमएसडब्ल्यूचा उपयोग जिथे ती पदवी अटच असते तिथे सर्वांत जास्त: रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक, समुपदेशक, कारखान्यातले कामगार कल्याण अधिकारी. अशा पदाकडे डोळा असेल तर एमएसडब्ल्यू कराच. इतर ठिकाणी पदवीपेक्षा दोन वर्षांत फील्डवर्क कुठे आणि कुणाच्या हाताखाली झालं, याला किंमत. सह्या गोळा करून फील्डवर्क पुरं करणारी मुलंही माझ्यापुढे मुलाखतीला येतात, पहिल्या पाच मिनिटांत कळतं. तेव्हा प्रवेशाआधी त्या महाविद्यालयातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि फील्डवर्कचं विचारा. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, आपल्यापासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर. त्यांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना आता सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. सोलापूरची मुलं तुळजापूरला देवीला दरवर्षी जातात, पण तिथे असं काही आहे हे अनेकांना माहीत नसतं. खर्च आणि शुल्कसवलत कार्यालयातूनच समजून घ्या, ऐकीव माहितीवर राहू नका.

फेलोशिपचं पारडं जड वाटतं ते शिकता शिकता पैसे मिळतात म्हणून. टीच फॉर इंडिया आणि गांधी फेलोशिप दोन-दोन वर्षांच्या, एसबीआय यूथ फॉर इंडिया तेरा महिन्यांची. मुख्यमंत्री फेलोशिपला पदवीत ६० टक्के, वय २१ ते २६ आणि एक वर्षाचा अनुभव लागतो, म्हणजे तुम्हाला ती लगेच नाही, पण डोक्यात ठेवा. यांत घर सोडून जावं लागतं, बहुतेक ठिकाणी इंग्रजीत लिहावं-बोलावं लागतं. त्याची भीती असेल तर ती वर्षभरात जाते, मी पाहिलंय. यांच्या माजी फेलोंना एकच विचारा: ‘तुमच्या तुकडीतले संपल्यावर कुठे गेले? ज्यांच्या घरी पाठबळ नव्हतं ते कुठे गेले?’ प्रश्नाचा दुसरा भाग गाळू नका. बापाचा पुण्यात फ्लॅट आहे तो वर्षभर ‘विचार करत’ बसू शकतो.

आणि तिसरा रस्ता, जो तुम्ही विचारलाच नाहीत. तुम्ही बी.कॉम. आहात. जिल्ह्यातल्या लहान-मध्यम संस्थांना चांगला हिशोबनीस मिळत नाही. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर येणारे पुष्कळ, पण प्रत्येक देणगीदाराचा खर्च वेगळा ठेवणं, उपयोगिता प्रमाणपत्राला (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाले याच्या दाखल्याला) लागणारी कागदपत्रं तयार करणं आणि फील्डवरच्या ताईला ‘हे बिल असं का आणलं?’ हे तिचा अपमान न करता समजावणं, असं सगळं येणारं माणूस दुर्मीळ. अशा पदाला पगार बरा असतो, प्रकल्प संपला तरी माणूस ठेवतात, आणि दोन वर्षांत संस्था आतून-बाहेरून कळते. तिथून कामाच्या बाजूला वळता येतं. तुमच्या जागी मी असते तर यापासून सुरुवात केली असती, आणि फेलोशिपचे अर्ज शेजारी चालू ठेवले असते. पण तुम्हाला आकडेमोडीचा मनापासून कंटाळा असेल तर हा सल्ला सोडून द्या.

मामांविषयी. मामांना शत्रू समजू नका. त्यांना उलट विचारा, ‘मामा, घरात महिन्याला माझ्याकडून किती यायला हवेत आणि कधीपासून?’ वाद आकड्यावर आला की निम्मा होतो. भावाच्या प्रवेशाला जूनमध्ये पैसे लागणार असतील तर लांबचं शिक्षण एक वर्ष पुढे ढकलणं हाच शहाणपणा. आणि बँकेचं म्हणाल तर, नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली तेव्हापासून या कामातला निम्मा घाम बँकेच्या दारात गाळला गेलाय. गटाचं कर्ज मंजूर करणारा अधिकारी समजूतदार असला की तालुक्याचं चित्र पालटतं, आडमुठा असला की आमच्यासारख्यांची दोन-दोन वर्षं अर्जाच्या मागे जातात. त्या खुर्चीत तुम्ही बसलात तर ते समाजाचं काम नाही असं कोण म्हणेल? माढ्याच्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला तो सरकारी नोकरीत राहून केलेल्या कामाला. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार घरं उभी राहिली, नंतर रे नगरमध्ये तीस हजारांची वसाहत आली, पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. त्यामागे सीएसआर नव्हता, कामगार संघटनेने वर्षानुवर्षं काढलेले मोर्चे होते. संघटनेच्या कामात पगार जवळजवळ नसतो, हेही तितकंच खरं. तरी आपल्या गावात बदल कोणकोणत्या वाटांनी आला, हे पाहिल्याशिवाय एका संस्थेच्या दारात बसून आयुष्याचा निर्णय घेऊ नका.

लोकांना गाठायचं कसं, तर साधा व्हॉट्सअॅप. ‘नमस्कार ताई, मी अमुक, बी.कॉम. तिसरं वर्ष. तुमच्या कामाबद्दल वीस मिनिटं बोलायचं होतं. नोकरी मागायला येत नाही, या कामात येऊ की नको ते समजून घ्यायचंय. तुम्ही म्हणाल तिथे, म्हणाल तेव्हा येते.’ ‘नोकरी मागायला येत नाही’ हे वाक्य ठेवाच, त्याने समोरचा सैल होतो. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण करा, त्यानंतर नाही. भेटून आल्यावर त्याच रात्री लिहून काढा, आणि निघताना ‘आणखी कुणाशी बोलू?’ हे विचारायला विसरू नका.

राहिला तो तीन महिने विनामोबदला येण्याचा प्रस्ताव. शिकाऊ माणसाला पूर्ण पगार न देणं मी समजू शकते, पण तुमच्या घरातून रोज रिक्षा-एसटीचे पैसे काढून संस्थेचं काम करायचं, हे मला पटत नाही. त्यांना लेखी विचारा: प्रवासखर्च आणि दुपारचं जेवण मिळेल का, काम कुणाच्या हाताखाली असेल, आणि शेवटी अनुभवाचं पत्र मिळेल का. मूळ कागदपत्रं कुठल्याही परिस्थितीत त्यांच्याकडे ठेवायची नाहीत. होकार आला तर परीक्षा झाल्यावर एक महिना जाऊन या, तीन नाही. उत्तरात पुन्हा सेवाभावच आला, तर नमस्कार करून त्या उन्हाळ्यात टॅलीचा वर्ग लावा.